रंगवलेला डोंगर आणि भिंगाची परीक्षा

कोल्हापुरात सिनेमा आला तो नाटकाच्या पडद्याआडून. १९१० ते १९१६ या काळात आनंदराव आणि बाबूराव या पेंटर बंधूंनी रंगवलेले पडदे संगीत नाटक मंडळ्यांत गाजत होते. राजवाड्याचे खांब एकामागे एक लहान होत गेलेले, जवळचं झाड गडद, दूरचा डोंगर फिकट निळा. कापड सपाट, पण पिटातल्या माणसाला रंगमंच कोसभर मागे पसरल्यासारखा वाटे. १९१६ मध्ये आनंदराव गेले. दोघांनी मिळून घरच्या घरी करायला घेतलेला सिनेमाचा कॅमेरा बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांच्या साथीने १९१८ मध्ये पुरा केला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० मध्ये पुण्यात झळकला तो या खटाटोपातून.

पुढे याच बाबूरावांनी चित्रपटातून रंगवलेले पडदे काढून टाकायला सुरुवात केली. भिंती, कमानी, जिने खरोखरचे उभारलेले, पात्रं त्यांच्या आतबाहेर वावरू शकतील असे. 'सिंहगड'च्या वेळी, १९२३ मध्ये, त्यांनी कृत्रिम प्रकाशही आणला. पडदे रंगवण्यात ज्याचा हात धरणारा कोणी नव्हता त्यानेच पडद्यांना रजा द्यावी, याची मला मोठी गंमत वाटते. त्यांची कारणं चित्रकाराची आणि दिग्दर्शकाची असणार. पण प्रकाशशास्त्राच्या बाजूनेही या बदलाला एक भक्कम कारण देता येतं, आणि या प्रकरणाचा सगळा विषय त्यातच आहे.

माणसाच्या डोळ्याला फसवणारा पडदा भिंगाला फसवू शकत नाही. खऱ्या देखाव्यात जवळच्या झाडावर फोकस केला की मागचा डोंगर धूसर होतो, आणि डोंगर रेखीव केला की झाड विरघळतं. पडद्यावरचं झाड आणि पडद्यावरचा डोंगर मात्र भिंगापासून एकाच अंतरावर असतात, कारण दोन्ही एकाच कापडावर आहेत. भिंग पुरेसं उघडं ठेवा आणि फोकस पुढेमागे करा. दोन्ही एकदमच रेखीव होतील, एकदमच पुसट होतील. चित्रकाराने दाखवलेली खोली आणि खरी खोली यांतला फरक भिंगाला असा चटकन कळतो.

हीच गोष्ट उलटी धरली की अंतर मोजायचं साधन हाती येतं. छायाचित्रात वस्तू कुठल्या दिशेला आहे ते कळतं, किती लांब आहे ते हरवतं. पण एकाच जागेवरून, फोकस थोडा थोडा सरकवत, दहा-वीस चित्रं घेतली तर? मग संगणक चित्रातला एकेक ठिपका धरून विचारतो, हा ठिपका या गड्डीतल्या कितव्या चित्रात सर्वांत रेखीव आहे? रेखीवपणा मोजायची रीत सोपी आहे. शेजारशेजारच्या ठिपक्यांच्या उजेडातला फरक जितका जास्त, तितकं चित्र रेखीव. ज्या चित्रात हा फरक कमाल, त्या चित्राचं फोकसचं अंतर तेच त्या ठिपक्याचं अंतर. सगळ्या ठिपक्यांचं असं झालं की देखाव्याचा उंचसखल नकाशा तयार. दुसरा कॅमेरा लागत नाही, लेझर लागत नाही. एक अडचण मात्र अंगभूत आहे. नुसत्या पांढऱ्या, कोऱ्या भिंतीवर शेजारच्या ठिपक्यांत फरकच नसतो, त्यामुळे ती किती लांब आहे हे या रीतीला सांगता येत नाही.

आता 'फोकस सरकवत' हे शब्द लिहायला सोपे आहेत. काचेच्या भिंगाचा आकार ठरलेला, म्हणून फोकस बदलायचा तर ते भिंग प्रत्यक्ष पुढेमागे न्यावं लागतं. मोबाइलच्या कॅमेऱ्यातसुद्धा इवल्याशा चुंबक-कॉइलने भिंग ढकललं जातं. ढकलाढकलीत तीन गोष्टी बिघडतात. यंत्रणा झिजते आणि जागा खाते. भिंग सरकलं की चित्राचं मापही जरासं लहानमोठं होतं, म्हणजे वीस चित्रांतले ठिपके एकमेकांवर नीट बसत नाहीत. आणि सूक्ष्मदर्शकाखाली भिंग व नमुना यांच्यामध्ये पाण्याचा किंवा तेलाचा थेंब असेल तर भिंगाच्या हालचालीने नमुनाच हलतो. निसर्गाने आपल्या डोळ्यात वेगळा मार्ग काढलेला आहे. तिथे भिंग जागचं हलत नाही, त्याचा फुगवटा बदलतो. दहा वर्षांच्या मुलात हा बदल बारा डायॉप्टरच्या (डायॉप्टर म्हणजे भिंगाच्या ताकदीचं एकक) आसपास असतो, साठीला तो जेमतेम एक उरतो, आणि मधल्या टप्प्यावर कधीतरी आपण वर्तमानपत्र हात लांब करून वाचू लागतो व मुकाट्याने चाळीशी लावतो.

न हलणारं, न फुगणारं, तरीही फोकस बदलणारं भिंग करायचं असेल तर असा पदार्थ हवा ज्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाशाला तो किती मंदावतो याचा आकडा, आपल्या हुकमाने बदलेल. तो पदार्थ १८८८ मध्ये प्रागमधल्या फ्रीड्रिख रायनित्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाती लागला. कोलेस्टेरॉलपासून बनवलेलं एक संयुग तापवताना त्याला दिसलं की ते दोनदा वितळतं. १४५.५ अंश सेल्सियसला घन पदार्थाचा दुधी, गढूळ द्रव होतो आणि १७८.५ अंशांना तो गढूळपणा एकाएकी जाऊन द्रव नितळ होतो. रायनित्झरने हे प्रकरण ओटो लेहमान या भौतिकशास्त्रज्ञाकडे पाठवलं. लेहमानने तापवता येणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. तो गढूळ पदार्थ वाहत होता द्रवासारखा, पण प्रकाशाशी वागत होता स्फटिकासारखा. द्रवस्फटिक हे नाव त्यातून आलं. पुढची ऐंशी-पंचाऐंशी वर्षं ही प्रयोगशाळेतली नवलाई राहिली. १९७३ मध्ये इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे यांनी नेहमीच्या तापमानाला टिकणारे द्रवस्फटिक बनवले आणि घड्याळांचे, गणकयंत्रांचे काळे आकडे जगभर दिसू लागले.

भारतातही या विषयाची परंपरा आहे आणि तिचा एक धागा महाराष्ट्रातून जातो. शिवरामकृष्ण चंद्रशेखर, सी. व्ही. रामन यांचे भाचे, नागपूर विद्यापीठातून १९५१ मध्ये भौतिकशास्त्राचे एम.एससी. झाले आणि बंगळुरूला मामांच्या संस्थेत गेले. तिथे १९७७ मध्ये त्यांनी सदाशिव आणि सुरेश या सहकाऱ्यांबरोबर चकतीच्या आकाराच्या रेणूंचेही द्रवस्फटिक होतात हे दाखवलं. तोवर सगळ्यांचा समज होता की रेणू लांबट काडीसारखेच हवेत. आपल्या भिंगाला मात्र लांबट रेणूच लागतात, तेव्हा चकत्यांचा निरोप घेऊ.

या लांबट रेणूंचं वागणं समजायला पंचगंगेच्या काठचा ऊस पुरे. वादळाने आडवा लोळलेला ऊस वरून पाहिला तर त्याची पुरी लांबी दिसते. तोच सरळ उभा असेल तर नुसते शेंडे दिसतात. वरून येणाऱ्या प्रकाशाचंही असंच होतं. रेणू आडवे असतील आणि प्रकाशाचं कंपन त्यांच्या लांबीच्या दिशेने असेल तर त्याची गाठ पुऱ्या रेणूशी पडते आणि तो जास्त मंदावतो. रेणू उभे झाले की तो कमी मंदावतो. ग्रे यांच्या प्रसिद्ध पदार्थात, ज्याला अभ्यासक फाइव्हसीबी म्हणतात, हा आकडा १.७१ वरून १.५३ पर्यंत उतरतो. रेणूंना उभं करायला लागतात फक्त काही व्होल्ट. एक व्होल्टच्या आसपासचा उंबरठा ओलांडेपर्यंत ते ढिम्म हलत नाहीत, मग हळूहळू मान वर करतात. व्होल्टेज काढलं की पुन्हा आडवे.

भिंग होण्यासाठी सगळ्यांनी सारखं उभं राहून चालत नाही. मधले रेणू आडवे, कडेचे उभे, आणि मधल्या प्रत्येक वर्तुळावर थोडे थोडे कललेले, असं हवं. मग मधून जाणारा प्रकाश जास्त मागे रेंगाळतो, कडेचा कमी, आणि बाहेर पडणारी लाट वाटोळी होऊन एका बिंदूकडे झुकते. बहिर्वक्र भिंग हेच करतं, पण ते काचेच्या जाडीने करतं. इथे दोन्ही बाजू सपाट आहेत. जपानच्या अकिता विद्यापीठातल्या सुसुमु सातो यांनी १९७९ मध्ये पहिलं द्रवस्फटिकाचं भिंग केलं तेव्हा त्यांनी एक बाजू काचेच्या वक्रतेची ठेवली होती. सपाट भिंगं नंतर आली, गोल भोक पाडलेल्या इलेक्ट्रोडची. कडेला विद्युतक्षेत्र तीव्र, भोकाच्या मध्याकडे विरळ. चांगली युक्ती, पण भोक मोठं करायला गेलं की व्होल्टेज चढू लागतं आणि मधल्या भागात क्षेत्राचा आकारही बिघडतो.

१९९८ मध्ये नाउमोव आणि सहकाऱ्यांनी जी वाट दाखवली ती मला सर्वांत देखणी वाटते. द्रवस्फटिक दोन काचांमध्ये धरलेलं असतं. त्यातल्या वरच्या काचेवर चांगल्या वाहकाऐवजी मुद्दाम खराब वाहकाचा पारदर्शक थर द्यायचा आणि कडेला धातूचं कडं ठेवून त्याला उलटसुलट होणारं व्होल्टेज द्यायचं. खराब थरातून मध्यापर्यंत जाताना व्होल्टेज आपोआप घटत जातं, कडेला जास्त, मध्ये कमी. कडं एकच, तारा दोनच, पण व्होल्टेज आणि वारंवारिता हे दोन आकडे फिरवून भिंगाचा आकार हवा तसा वळवता येतो. सरळ डीसी वापरत नाहीत, कारण मग द्रवातले विद्युतभारित कण एका बाजूला जाऊन साचतात आणि पदार्थ खराब होतो.

थराचा 'मुद्दाम खराबपणा' नेमका किती, यावर सगळा खेळ आहे. चांगल्या पारदर्शक वाहक थराचा रोध चौरसामागे दहा-वीस ओहम असतो. इथे लाखो ओहमच्या पट्ट्यातला लागतो, तोही सगळीकडे सारखा. या ठिकाणी कोल्हापूर पुन्हा आठवतं. शिवाजी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात द्रवस्फटिकांची भिंगं तयार होतात असा माझा दावा मुळीच नाही. पण पातळ थर, तेही स्वस्त रासायनिक रीतींनी, ही त्या विभागाची जगभर मान्य झालेली कामगिरी आहे. प्रा. पी. एस. पाटील यांनी फवारणीने थर देण्याच्या पद्धतीवर १९९९ मध्ये लिहिलेला आढावा आजही या क्षेत्रातले लोक हाताशी ठेवतात. सी. डी. लोखंडे यांचं काम द्रावणात बुडवून थर देण्याचं, तेही तितकंच परिचित.

फवारणी पाहण्यासारखी असते. कथिलाच्या क्लोराइडचं द्रावण, त्यात फ्लोरिनसाठी चिमूटभर अमोनियम फ्लोराइड. खाली साडेचारशे-पावणेपाचशे अंशांपर्यंत तापवलेल्या लोखंडी पाटावर काचेच्या पट्ट्या मांडलेल्या. दाबाच्या हवेने द्रावणाचा बारीक तुषार होतो, नळी मागेपुढे फिरते, आणि थेंब काचेला टेकता टेकता त्याचं ऑक्साइड होतं. आम्लाचा झणझणीत धूर वरच्या पंख्याने ओढून न्यावा लागतो. थर वाढत जातो तशी काच तिरकी धरल्यावर हिरवट, गुलाबी झाक मारते, आणि सराईत विद्यार्थी त्या झाकेवरूनच जाडीचा अंदाज बांधतो. मग मल्टिमीटरची दोन टोकं काचेवर टेकवायची. आकडा दाखवला, म्हणजे काच वीज वाहू लागली. तापमान पाच-दहा अंश इकडेतिकडे झालं, फ्लोरिन कमीजास्त झालं, की रोध बदलतो. चांगला वाहक करणं अवघड असतं, हे ठाऊक असतंच. ठरवलेल्या मापाचा वाईट वाहक करणं त्याहून कितीतरी अवघड.

थर झाला की त्यावर पॉलिइमाइडचा आणखी एक लेप देऊन तो भाजतात आणि मग मखमलीने एकाच दिशेने घासतात. होय, खरोखरची मखमल, रुळाला गुंडाळलेली. या घासण्याने लेपाच्या पृष्ठभागाला दिशा येते आणि द्रवस्फटिकाचे रेणू त्या दिशेला आडवे पडतात. अब्जावधी रुपयांचे कारखाने उभे राहिले तरी एलसीडी पडद्यांच्या उद्योगात ही पायरी कित्येक दशकं टिकून होती. घासताना उडालेला एखादा तंतू दोन काचांमध्ये राहिला की तिथे रेणूंची रांग मोडते आणि चित्रात डाग दिसतो.

आता हिशेब. या भिंगाचं नाभीय अंतर काढायचं सूत्र एका ओळीचं आहे: भोकाच्या त्रिज्येचा वर्ग घ्या आणि त्याला द्रवस्फटिकाच्या थराच्या जाडीच्या व अपवर्तनांकातल्या फरकाच्या गुणाकाराच्या दुपटीने भागा. त्रिज्या १ मिलिमीटर, जाडी ५० मायक्रॉन, फरक ०.२ धरला तर उत्तर येतं ५ सेंटिमीटर. म्हणजे कागदाच्या अर्ध्या जाडीएवढ्या थराने वीस डायॉप्टरची ताकद. लहान मुलाच्या डोळ्याला मागे टाकलं की! पण त्याची किंमत वेळात मोजावी लागते. व्होल्टेज काढल्यावर रेणू पुन्हा आडवे व्हायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ५ मायक्रॉनच्या थराला एका सेकंदाचा पन्नासावा भाग पुरतो, त्याच पदार्थाच्या ५० मायक्रॉनच्या थराला सुमारे दोन सेकंद लागतात. वीस चित्रांच्या गड्डीला मग पाऊण मिनिट जाईल आणि तोवर समोरचं मांजर उठून गेलेलं असेल. यावर उपाय आहेत. एका जाड थराऐवजी दहा मायक्रॉनचे पाच थर एकावर एक ठेवले तर ताकद तीच राहते आणि वेळ पंचवीस पटींनी घटतो. रेणूंना उठवताना क्षणभर जास्त व्होल्टेजचा धक्का देतात, तोही उपयोगी पडतो. शिवाय हे भिंग प्रकाशाच्या एकाच दिशेच्या कंपनावर चालतं. साध्या उजेडात दोन्ही दिशांची कंपनं असतात, त्यामुळे काटकोनात ठेवलेली दोन भिंगं लागतात, किंवा अर्धा उजेड सोडून द्यावा लागतो.

तापमानाचा मुद्दा आपल्याकडे विशेष बोचणारा. फाइव्हसीबी साधारण २४ ते ३५ अंशांतच द्रवस्फटिक असतो. एप्रिलमधल्या कोल्हापूरच्या दुपारी तो पस्तिशी ओलांडून साधा नितळ द्रव होईल आणि भिंगाचं काम बंद. म्हणून व्यवहारात अनेक पदार्थांची मिश्रणं वापरतात, ती साठ अंशांच्या आसपासपर्यंत टिकतात.

एवढे नखरे सांभाळून हे भिंग हवंच कशाला? पाणी-तेलाच्या थेंबाची किंवा लवचीक पडद्याची 'द्रवभिंगं' बाजारात आहेत, ती चपळ आहेत, आणि कारखान्यातल्या तपासणी कॅमेऱ्यांसाठी आज कोणी मला विचारलं तर मी तीच सुचवेन. द्रवस्फटिकाची बाजू वेगळी. ते कागदासारखं सपाट आहे, उभं-आडवं कसंही धरलं तरी गुरुत्वाकर्षणाने त्याचा आकार बिघडत नाही, वीज नगण्य खातं, आणि एका काचेवर त्यांची हजारो इवली भिंगं एकदम कोरता येतात.

या शेवटच्या गुणातून त्रिमितीय चित्रणाचा दुसरा मार्ग निघतो. १९०८ मध्ये, रंगीत छायाचित्रणासाठी नोबेल मिळालं त्याच वर्षी, गाब्रिएल लिपमन यांनी सुचवलं होतं की फिल्मपुढे बारीक भिंगांची जाळी ठेवावी. प्रत्येक भिंग देखावा किंचित निराळ्या कोनातून टिपेल आणि सगळे मिळून खोली जपतील. २०१२ मध्ये लायट्रो या अमेरिकी कंपनीने याच धर्तीचा कॅमेरा बाजारात आणला. फोटो आधी काढा, फोकस मागाहून ठरवा, ही त्याची करामत होती. पण भिंगांची जाळी कायमची बसवल्यामुळे चित्राचा बारकावा फार घटायचा. २०१८ मध्ये कंपनी बंद पडली. जाळी द्रवस्फटिकाची असेल तर व्होल्टेजच्या जोरावर ती भिंगांची जाळी होते, आणि बटण बंद केलं की साधी काच. एका क्षणी खोली टिपा, पुढच्या क्षणी पुरा बारकावा टिपा. कागदावर हा तोडगा बिनतोड आहे, आणि बऱ्याच प्रयोगशाळांत तो चालूनही दाखवला गेला आहे.

या भिंगाची खरी जागा मात्र जिथे हालचाल चालतच नाही तिथे आहे. कॅनडातल्या क्वेबेकच्या लावाल विद्यापीठात टिग्रान गाल्स्त्यान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये उंदराच्या मेंदूतल्या पेशी पाहण्यासाठी दुर्बिणीची बारीक नळी आणि द्रवस्फटिकाचं भिंग एकत्र केलं. मेंदूत खुपसलेली नळी अर्धा मिलिमीटर जरी हलली तरी इजा ठरलेली. इथे नळी स्थिर, भिंग स्थिर, आणि फक्त व्होल्टेज बदलून वरच्या आणि खालच्या थरांतल्या चेतापेशी पाळीपाळीने रेखीव होतात. भोक एवढं लहान की सूत्रातला त्रिज्येचा वर्ग कामी येतो.

तोच वर्ग चष्म्यात आडवा येतो. चाळीशीऐवजी बटणावर नंबर बदलणारा चष्मा ही कल्पना सगळ्यांनाच भुरळ घालते, आणि २०११ मध्ये अमेरिकेत पिक्सेलऑप्टिक्स कंपनीने तसा चष्मा विकायला काढलाही होता. पण डोळ्यापुढे दोन सेंटिमीटरचं भोक हवं. मघाचा ५० मायक्रॉनचा थर घेऊन त्रिज्या १० मिलिमीटर करा. नाभीय अंतर शंभर पटींनी वाढून ५ मीटर होतं. ताकद ०.२ डायॉप्टर, म्हणजे चष्म्याच्या दुकानात ज्याला कोणी नंबर म्हणणार नाही. म्हणून चष्मेवाले भिंगाची एकामागून एक वर्तुळं पाडतात, प्रत्येक वर्तुळावर रेणूंची पायरी पुन्हा शून्यापासून सुरू करतात. ताकद येते, पण वर्तुळांच्या कडांवर प्रकाश विखुरतो आणि रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात. थर जाड करावा तर रेणू आळसावतात, आणि वर्तुळं वाढवावीत तर कडी वाढतात.